ऑइल वाढतंय? खूश होऊ नका! नव्या डिझेल गाडीच्या उलट्या दुखण्याचं निदान

पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलतानाचे "म्हणजे"आणि "तर" थोडे कमी केलेत, बाकी गप्पा तशाच. गाडीजवळ उभं राहून तपासणी करणार असाल तर "क्रमानं तपासूया" हा भाग मोबाइलवर उघडून ठेवा.



"गाडी ऑइल खाते" ही तक्रार आपण लहानपणापासून ऐकत आलोय. काकांची जुनी जीप असो नाहीतर गावाकडचा टेम्पो, डिकीत ऑइलचा डबा असायचाच. गेजपट्टी काढायची, पुसायची, पुन्हा घालून बघायची. कमी दिसलं की ओतायचं. विषय संपला.

आज त्याच्या बरोबर उलट तक्रारीबद्दल बोलायचंय. गेल्या काही वर्षांत घेतलेली डिझेल गाडी, सर्व्हिसिंगला ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरलेलं. चार हजार किलोमीटरनंतर पट्टी काढली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर! कुणी ओतलं नाही, कुणी झाकण उघडलं नाही. मग वाढलं कुठून?

यावर दोन उत्तरं हमखास ऐकू येतात. पहिलं, "अहो, चांगलंच आहे की, इंजिन ऑइल खात नाही." दुसरं, "नव्या गाड्यांत असं होतंच, थोडं काढून टाकू." पहिलं सरळ चुकीचं आहे. दुसरं अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं जास्त महागात पडतं. कारण वेळेवर ऑइल बदललं तर खर्च हजारांत राहतो, आणि इंजिन उघडायची वेळ आली तर तोच लाखांत जातो.

चला, मुळापासून बघूया.

ऑइल वाढत नाही, त्यात काहीतरी मिसळतं

इंजिन ऑइल आपोआप तयार होत नाही. पातळी वाढली याचा अर्थ चेंबरमध्ये दुसरं काहीतरी येऊन पडलंय. आणि असं येऊ शकणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत.

एक, डिझेल. नव्या गाड्यांत बहुतेक वेळा हेच.
दोन, कूलंट, म्हणजे रेडिएटरचं पाणी.
तीन, बाहेरचं पाणी. पुराच्या पाण्यातून गेलेली गाडी.
चार, ऑइलच. म्हणजे सर्व्हिसिंगलाच जास्त भरलेलं.

निदान म्हणजे या चौघांतला नेमका कोण ते शोधणं. आणि डिझेल निघालं तर ते कुठल्या वाटेनं आलं हे शोधणं. खरी मेख या दुसऱ्या प्रश्नात आहे.

डिझेल ऑइलमध्ये जातंच कसं?

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले. बीएस-४ मध्ये डिझेल कारला दर किलोमीटरला २५ मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती. बीएस-६ मध्ये ती मर्यादा ४.५ मिलिग्रॅमवर आली. एवढी काजळी थांबवायची तर सायलेन्सरच्या वाटेत गाळणी हवीच. तीच डीपीएफ, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर.

आतून हा फिल्टर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा असतो. सिरॅमिकच्या बारीक बारीक नळ्या, एक पुढून बंद तर शेजारची मागून बंद. धुराला नळीच्या भिंतीतून झिरपूनच पलीकडे जावं लागतं आणि काजळी भिंतीवर अडकते. चहाच्या गाळणीसारखंच. पण गाळणी भरली की झटकावी लागते, आणि ही गाळणी झटकायचा उपाय एकच: आतली काजळी जाळून टाकणं. यालाच रीजनरेशन म्हणतात. गॅरेजमध्ये नुसतं "रीजन" म्हणतात, आपणही तेच म्हणूया.

काजळी नीट जळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. हायवेवर इंजिनवर भार असताना धूर बराच गरम असतो, त्यामुळे थोडी काजळी आपोआप जळत राहते. पण सिग्नल, ट्रॅफिक, पुन्हा सिग्नल अशा शहरी फेऱ्यांत धूर तेवढा तापतच नाही. मग इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, स्वतःच कामाला लागतो.

आता नीट लक्ष द्या. नेहमीचं डिझेल पिस्टन वर पोचतो त्या सुमाराला फवारलं जातं आणि तिथंच पेटतं. रीजनच्या वेळी ईसीयू त्यानंतर आणखी एक फवारा मारतो, पिस्टन बराच खाली गेल्यावर. हे डिझेल सिलिंडरमध्ये जळू नये अशीच योजना असते. ते न जळता धुराबरोबर बाहेर जावं, डीपीएफच्या आधीच्या कॅटॅलिस्टवर जळावं आणि त्या उष्णतेनं फिल्टर तापावा.

कल्पना झकास आहे. पण पिस्टन खाली असताना सिलिंडरची भिंत उघडी पडलेली असते आणि आतला दाबही कमी झालेला असतो. त्यामुळे फवाऱ्याचा काही भाग थेट भिंतीवर जाऊन बसतो. तिथला ऑइलचा पातळ थर धुतला जातो, पिस्टनच्या रिंगा ते मिश्रण खाली ओढतात आणि डिझेल चेंबरमध्ये उतरतं.

रीजन पूर्ण झालं तर हे प्रमाण थोडंच असतं आणि ऑइल बदलायच्या मुदतीत ते धरलेलं असतं. गडबड होते ती रीजन अर्धवट राहिल्यावर.

समजा, घर ते ऑफिस ६ किलोमीटर. इंजिन तापलं, ईसीयूनं रीजन सुरू केलं, जादा डिझेल फवारलं. फिल्टर तापतोय तोवर ऑफिस आलं आणि तुम्ही गाडी बंद केली. संध्याकाळी पुन्हा तेच, उद्या पुन्हा तेच. तवा तापवायचा आणि पोळी टाकायच्या आधीच गॅस बंद करायचा, असं रोज केलं तर गॅस संपतो आणि पोळी एकही होत नाही. इथं तो "संपलेला गॅस" ऑइलमध्ये साठत जातो.

"पेट्रोल गाडीतही थोडं पेट्रोल ऑइलमध्ये जातं, मग तिथं एवढी बोंब का नाही?" असं कुणी विचारेल. पेट्रोल हलकं असतं. इंजिन चांगलं तापलं की त्यातलं बरंचसं उडून जातं. डिझेल मात्र साधारण १८० ते ३६० अंशांच्या दरम्यान उकळतं आणि चेंबरमधलं ऑइल असतं १०० अंशांच्या आसपास. त्यामुळे डिझेल एकदा आत आलं की फारसं हलत नाही. त्यात बायोडिझेल मिसळलेलं असेल तर ते आणखी चिवट.

एवढं काय बिघडतं?

दोन गोष्टी बिघडतात आणि दोन्ही वेगळ्या आहेत.

पहिली, ऑइल पातळ होतं. थोडा हिशोब करूया. चेंबरमध्ये ५ लिटर ऑइल आहे. पट्टीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत बऱ्याच गाड्यांत साधारण एक लिटरचा फरक असतो. पातळी वरच्या खुणेच्या वर या अंतराच्या निम्मी गेली, तर जवळपास अर्धा लिटर डिझेल आत आलंय. म्हणजे साडेपाच लिटरांत अर्धा लिटर, ९ टक्के! एवढ्या डिझेलनं ३० ग्रेडचं ऑइल गरम असताना २० ग्रेडच्या हद्दीला येऊन टेकतं. इंजिन ज्या जाडीच्या थरावर तरंगायला हवं तो थरच बारीक होतो. क्रँकची बेअरिंगं आणि टर्बोचा शाफ्ट यांना त्याचा पहिला फटका बसतो.

दुसरी, पातळी फार वर गेली की फिरणारा क्रँक ऑइलला फेटायला लागतो. ताक घुसळल्यासारखं. ऑइलला फेस येतो, फेस म्हणजे हवा, आणि हवेनं वंगण होत नाही. वर, चेंबरमधली वाफ इंजिनच्या हवेच्या वाटेत परत सोडणारी जी नळी असते, तिच्यातून ऑइलचे शिंतोडे टर्बोमार्गे सिलिंडरमध्ये जायला लागतात. डिझेल इंजिनला ठिणगी लागत नाही. दाबानं पेटेल असं काहीही मिळालं की ते चालतं. त्यामुळे क्वचित का होईना, असं होतं की इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत बेफाम पळत सुटतं आणि चावी फिरवूनही बंद होत नाही.

असं कधी झालंच, तर मॅन्युअल गाडीत ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडा, म्हणजे इंजिन दमून बंद पडेल. ऑटोमॅटिकमध्ये ही सोय नाही. गाडी थांबवा, सगळ्यांना उतरवा आणि लांब उभे राहा. बोनेट उघडून हात घालायला जाऊ नका.

आणि आणखी एक फसवी गोष्ट. पातळी अजिबात हलली नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. इंजिननं ३०० मिलिलिटर ऑइल खाल्लं आणि ३०० मिलिलिटर डिझेल आत आलं, तर पट्टी म्हणेल "जैसे थे". म्हणून फक्त उंची बघू नका. वास आणि दाटपणाही बघा.

क्रमानं तपासूया

बऱ्याच ठिकाणी थेट इंजेक्टर बदलण्यापासून सुरुवात होते. तसं नको. सोप्याकडून अवघडाकडे, फुकटाकडून खर्चिकाकडे जायचं.

पायरी १: आधी नीट मोजा. गाडी सपाट जागेवर हवी. सोसायटीच्या उतारावर घेतलेलं माप धरायचं नाही. इंजिन तापवून बंद करा आणि पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे वर चढलेलं ऑइल खाली उतरेल. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळी पद्धत दिली असेल तर ती पाळा. पट्टी पुसा, पूर्ण आत घाला, काढा, दोन्ही बाजू बघा. फोटो काढा आणि फोटोबरोबर तारीख आणि किलोमीटर नोंदवा. काही महागड्या गाड्यांत पट्टीच नसते, पडद्यावर पातळी दिसते. तिथं स्क्रीनशॉट ठेवा.

एका मापावरून काहीच कळत नाही. दर ५०० किलोमीटरला एक अशी तीन मापं घेतली की चित्र दिसायला लागतं.

पायरी २: सर्व्हिसिंगलाच जास्त भरलं होतं का? हे फार वेळा होतं. जुनं ऑइल पूर्ण उतरायच्या आत नट लावला आणि नवं मात्र ठरलेल्या मापानं ओतलं. ओळखायची खूण सोपी: असं ऑइल पहिल्या दिवसापासून वर असतं आणि तिथंच राहतं. सर्व्हिसिंगच्या दिवशी खुणेवर होतं आणि नंतर हळूहळू चढत गेलं, तर दोष भरणाऱ्याचा नाही. म्हणूनच सर्व्हिसिंगहून गाडी आणली की दुसऱ्या दिवशी पहिला फोटो काढायची सवय लावा.

पायरी ३: नाक आणि डोळे वापरा. पट्टीवरचं ऑइल टिश्यूवर घ्या. डिझेलचा उग्र वास येतोय का? बोटांत चोळल्यावर चिकटपणाच नाही, पाण्यासारखं सुळसुळीत लागतंय का? मग संशय डिझेलवर. फक्त रंगावर जाऊ नका. डिझेल इंजिनचं ऑइल काही दिवसांतच काळं होतं, त्यात वावगं काही नाही.

ऑइल कॉफीत दूध घातल्यासारखं दिसतंय? कूलंटच्या टाकीतली पातळी उतरतेय? सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय? मग कूलंट आत जातंय. हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर बघायला हवा. इथं गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या. पाणी मिसळलेल्या ऑइलवर बेअरिंगं फार वेळ टिकत नाहीत.

एक खुलासा. पावसाळ्यात आणि थंडीत, छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय जमते. ती बऱ्याचदा नुसती हवेतली वाफ असते. पट्टीवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंट जागच्या जागी असेल, तर लगेच हेड गॅस्केटचा अंदाज बांधू नका.

आणि गाडी पुराच्या पाण्यात उभी होती आणि त्यानंतर पट्टीवर पातळी वाढलेली दिसली, तर स्टार्टर मारायचाच नाही. आधी ऑइल उतरवायचं, मग पुढचं.

पायरी ४: कागदाची चाचणी. ऑइलचा एक थेंब फिल्टर पेपरवर किंवा शाईचोख कागदावर टाका आणि काही तास सपाट ठेवा. मधे काळा ठिपका राहतो आणि भोवती ऑइल पसरतं. डिझेल बरंच असेल तर सगळ्यात बाहेर एक वेगळं, फिकट कडं पसरलेलं दिसतं. ही पक्की परीक्षा नाही, इशारा आहे. पक्कं हवं असेल तर ऑइल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नमुना द्या. तिथं १०० अंशांवरचा दाटपणा, पेट घेण्याचं तापमान आणि मिसळलेल्या डिझेलचं प्रमाण मोजता येतं. वॉरंटीचा वाद असेल तर हा कागद फार कामाला येतो.

पायरी ५: रीजनचा इतिहास काढा. आता स्कॅनर लावायचा. सर्व्हिस सेंटरमध्ये असतोच. काही गाड्यांत ओबीडी पोर्टला लावायचा ब्लूटूथ डोंगल आणि मोबाइलवरचं ॲपसुद्धा ही माहिती दाखवतं. चार आकडे मागा: फिल्टरमध्ये काजळी किती, राख किती, शेवटचं पूर्ण रीजन किती किलोमीटरपूर्वी झालं आणि अर्धवट राहिलेली रीजन किती.

निरोगी गाडीत दोन रीजनमध्ये काहीशे किलोमीटर जातात. नेमका आकडा गाडीवर आणि वापरावर ठरतो. पण दर ८०-१०० किलोमीटरला रीजन होत असेल, तर कुठंतरी पाणी मुरतंय.

स्कॅनर नसला तरी रीजन ओळखता येतं. सिग्नलला उभे असताना आरपीएम नेहमीपेक्षा थोडे वर, स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, त्या क्षणाचं मायलेज अचानक घसरलेलं, गाडी बंद केल्यावर पंखा जोरात चालूच आणि बाहेर गरम, करपट वास. अशा वेळी शक्य असेल तर गाडी बंद करू नका. १५-२० मिनिटं चालवत राहा.

पायरी ६: हायवेवर पण वाढतंय का? माझ्या मते अख्ख्या निदानातला सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच. आणि त्याला पैसे लागत नाहीत.

आधी ऑइल-फिल्टर बदलून पातळी बरोबर करून घ्या. मग मोठा प्रवास करा. पुणे-कोल्हापूर असो वा नाशिक-धुळे, सलग वेगानं गाडी चालली पाहिजे. आधी आणि नंतर माप घ्या. शहरात चढतं आणि हायवेवर स्थिर राहतं? मग कारण अर्धवट रीजन. हायवेवरसुद्धा चढतंच राहतं? मग रीजनला दोष देऊ नका. डिझेल कुठूनतरी थेट गळतंय.

इथून वाट दोन ठिकाणी फुटते

पहिली वाट: रीजन जास्त होतायत. इथं पुन्हा "का?" विचारायचं. तुमच्या फेऱ्या छोट्या असतील तर कारण समोरच आहे. पण फेऱ्या मोठ्या असूनही रीजन वारंवार होत असतील, तर एकतर इंजिन जास्त काजळी करतंय, किंवा ईसीयूची दिशाभूल होतेय.

जास्त काजळीची कारणं: अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह, टर्बोच्या पाइपला चीर, घाण झालेला हवेचा सेन्सर, नीट फवारा न मारणारा इंजेक्टर. दिशाभुलीची कारणं: फिल्टरच्या पुढच्या-मागच्या दाबातला फरक मोजणारा सेन्सर, किंवा त्याची तडकलेली नळी. तो "फिल्टर भरला" असं खोटंच सांगत राहतो आणि ईसीयू बिचारा जाळत राहतो.

आणि एक साधा, हमखास विसरला जाणारा भाग म्हणजे थर्मोस्टॅट. तो उघडा अडकला की इंजिन पूर्ण तापतच नाही, आणि थंड इंजिनात रीजन पूर्ण होत नाही. तापमानाचा काटा नेहमीपेक्षा खाली राहतोय, विशेषतः हायवेवर? मग आधी थर्मोस्टॅट बघा. त्यामानाने स्वस्त भाग आहे.

शेवटी राख. काजळी जळते, राख जळत नाही. ही राख मुख्यतः ऑइलमधल्या रसायनांची असते. म्हणूनच डीपीएफ असलेल्या गाडीत कमी राखेचं ऑइल लागतं आणि पुस्तिकेत त्याचा दर्जा लिहिलेला असतो, उदाहरणार्थ एसीईए सी२ किंवा सी३. डब्यावर फक्त ५डब्ल्यू-३० बघून ऑइल घेऊ नका. दाटपणा तोच असला तरी राखेचं प्रमाण वेगळं असू शकतं.

दुसरी वाट: रीजन ठीक आहेत, तरी ऑइल चढतंय. आता इंजेक्शनकडे वळायचं. बंद न होणारा, ठिबकणारा इंजेक्टर: सकाळी स्टार्ट करताना धूर, खडखड, एका सिलिंडरचा सुधारणा-आकडा इतरांपेक्षा वेगळा. इंजेक्टरचं परतीचं डिझेल मोजायची चाचणी कुठल्याही चांगल्या डिझेल पंपवाल्याकडे होते. काही इंजिनांत डिझेलच्या नळ्या किंवा जोड व्हॉल्व्ह कव्हरच्या आत असतात. तिथं गळलं तर बाहेर थेंबही दिसत नाही, सगळं सरळ चेंबरमध्ये उतरतं. हाय प्रेशर पंपाचं शाफ्ट सील गेलं तरी काही इंजिनांत हेच होतं. अशी लपलेली गळती शोधायला डिझेलमध्ये अतिनील प्रकाशात चमकणारा रंग टाकून बघतात.

कंपन्यांना हे माहीत आहे का?

चांगलंच माहीत आहे. याचा सरळ पुरावा म्हणजे माझ्दा कंपनीच्या स्कायॲक्टिव्ह डिझेल इंजिनाची पट्टी. तिच्यावर वरच्या खुणेच्याही वर एक "एक्स" अशी खूण आहे. पातळी त्या खुणेपाशी गेली की ऑइल बदला, असं कंपनीच सांगते. माझ्दा आपल्याकडे विकली जात नाही, पण मुद्दा लक्षात घ्या: थोडी वाढ त्यांनी गृहीत धरली, आणि "इथून पुढे नाही" अशी रेघही आखली.

तुमच्या गाडीच्या पट्टीवर अशी रेघ नसेल, तर पुस्तिका उघडा आणि सर्व्हिस सेंटरला विचारा, "या इंजिनात किती वाढ चालते?" उत्तर जॉब कार्डवर लेखी मागा. "नॉर्मल आहे" हा शब्द तोंडी फार स्वस्त असतो.

काही कंपन्यांनी वेगळा मार्ग काढलाय. रीजनचं जादा डिझेल सिलिंडरमध्ये न फवारता थेट सायलेन्सरच्या वाटेत, स्वतंत्र इंजेक्टरनं फवारायचं. मग भिंत धुतली जाण्याचा प्रश्नच येत नाही. काही गाड्यांत हातानं रीजन सुरू करायचं बटणही असतं. तुमच्यात आहे का ते बघून ठेवा.

उपाय, आणि त्यांचा क्रम

पातळी बरीच वर असेल तर आधी जास्तीचं ऑइल काढायचं. मग गॅरेजमध्ये स्कॅनर लावून रीजन करायचं. आणि त्यानंतर ऑइल-फिल्टर बदलायचं. क्रम महत्त्वाचा, कारण रीजन करताना आणखी थोडं डिझेल आत जातं. आधी नवं ऑइल भरून मग रीजन केलं, तर नव्या ऑइलात पहिल्याच दिवशी पाणी घातल्यासारखं होईल.

ऑइल बदलल्यावर ईसीयूमधली ऑइलची नोंद शून्य करायला सांगा. बऱ्याच गाड्यांत ईसीयू मिसळलेल्या डिझेलचा अंदाज धरून हिशोब ठेवतो. नोंद शून्य केली नाही, तर तो जुनाच हिशोब पुढे चालवतो.

सवयीचं म्हणाल तर आठवडा-पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर गाडी काढा. ताशी ६०-८० किलोमीटर, गिअर एक खाली, आरपीएम २००० च्या आसपास किंवा थोडे वर. आणि शहरातच वापर असेल तर पुस्तिकेत "कठीण वापर" म्हणून दिलेली ऑइलची छोटी मुदत धरा.

तुमचे प्रश्न

"जास्तीचं ऑइल नुसतं काढून टाकलं तर?"
पातळी खाली येईल. पण उरलेल्या ऑइलातलं डिझेल तसंच राहील. खिचडी खारट झाली म्हणून अर्धी काढून टाकली, तर उरलेली अळणी होत नाही ना!

"मग जरा दाट ऑइल टाकलं तर?"
नको. गळती तशीच राहते, आणि थंड स्टार्टला ऑइल वरपर्यंत पोचायला उशीर होतो. वॉरंटीचा वाद होईल तो वेगळाच.

"ॲडब्लू ऑइलमध्ये जातं का?"
नाही. ते इंजिनच्या बाहेर, सायलेन्सरच्या वाटेत फवारलं जातं. त्याचा या दुखण्याशी संबंध नाही.

"गॅरेजवाले दादा म्हणतात, डीपीएफच काढून टाकू."
मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत. वॉरंटी जाते. आणि जी काजळी तुमच्या गाळणीत अडकत होती ती मागच्या स्कूटरवाल्याच्या छातीत जाते. शिवाय दोष इंजेक्टरचा असेल, तर डीपीएफ काढूनही ऑइल चढतच राहील.

"सेकंड हँड डिझेल घेतोय. पाच वर्षांत फक्त १८ हजार किलोमीटर चाललीय. मस्त ना?"
पेट्रोल असती तर "बघूया" म्हणालो असतो. बीएस-६ डिझेल एवढी कमी चाललीय म्हणजे बहुतेक छोट्या फेऱ्याच झाल्यात. सौदा करण्याआधी पट्टी बघा, वास घ्या, स्कॅनरवर राख आणि अर्धवट रीजनचे आकडे काढा. ऑइल किलोमीटरवर बदललंय की वर्षावर, तेही विचारा.

"माझी रोजची फेरी ५ किलोमीटरची. मग डिझेल घेऊ का?"
खरं सांगू? नका घेऊ. महिन्यातून एखादाही लांबचा प्रवास होत नसेल, तर तुमच्यासाठी पेट्रोल, सीएनजी किंवा इलेक्ट्रिक बरी. डिझेल हे लांब पल्ल्याचं इंजिन आहे. त्याला रोज ५ किलोमीटर चालवणं म्हणजे पहिलवानाला पोस्टमनच्या कामाला लावणं.

जाता जाता

आजच्या भागातलं एवढंच लक्षात ठेवा. पट्टी दर पंधरा दिवसांनी बघा, फोटो काढा. वरच्या खुणेच्या वर दिसलं की वास घ्या आणि कूलंट बघा. दुधाळ असेल तर गाडी हलवू नका. डिझेल असेल तर विचारा: शहरात चढतंय की हायवेवर पण? हे उत्तर खिशात घेऊन गॅरेजला गेलात, तर समोरचा "नॉर्मल आहे" म्हणायच्या आधी दोनदा विचार करेल.

तुमच्या गाडीची तीन मापं, तारीख आणि किलोमीटरसह, आम्हाला जरूर पाठवा. आणि हा भाग ज्या मित्राची डिझेल गाडी फक्त दूध-भाजी आणायला निघते, त्याला आधी पाठवा!

भेटूया पुढच्या भागात. तोवर गाडी सांभाळून चालवा.